पाणगाडी रिकामी पाठवू नये

भाद्रपद शुद्ध द्वादशी

आले गं बाई एकदाची इंदूरला!

ही वही मंजिरीची. ती आता चौथीत गेली, तिसरीतल्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, ती तिनं मला दिली. म्हणाली, आजी, रोजचं रोज लिही म्हणजे हात वळेल. आमच्या वेळी दोन यत्ता झाल्या की पुरे, तिसरीला मी बोहल्यावर. मधे इतकी वर्षं गेली की अक्षरं पार विसरून गेले होते. गेल्या उन्हाळ्यात देवासला आली तेव्हा या पोरीनंच पुन्हा गिरवून घेतली. नातीनं आजीला शिकवायचं, काय दिवस आले पहा, पण मला भारी गोड वाटतं.

धाकट्या श्रीपादनं घर छान घेतलंय. स्नेहलतागंजात, स्टेशन जवळच, इंजिनाची शिट्टी आली की इंदू भाताखालचा जाळ कमी करते, घड्याळ बघत नाही. पुढे पत्र्याची मोठी शेड, तो त्याचा कारखाना. मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराचं एक दार थेट शेडमध्ये उघडतं, त्यामुळे मी भाजी निवडता निवडता मुलाचं काम बघू शकते. नळ घरात! देवासला मोठ्याकडे अजून विहीर. मध्यप्रदेश होऊन चार-पाच वर्षं झाली तरी माझ्या तोंडून मध्यभारतच येतं, मंजिरी दर वेळी सुधारते.

आल्या आल्या इंदुमतीनं पोहे केले. सून गुणाची आहे, पोह्यांवर शेव जरा जास्त घालते एवढंच. शेडमध्ये संताजी म्हणून श्रीपादचा जोडीदार आहे, पन्नाशीचा, होळकरांच्या रिसाल्यातल्या घराण्यातला. मला म्हणाला, माँजी, आजोबा घोडे राखायचे, मी गाड्या राखतो, फरक इतकाच की गाडी लाथ मारत नाही. मग मनगट दाखवलं, गाडी सुरू करायच्या हँडलनं उलटा फटका देऊन मोडलेलं, आणि स्वतःच हसत सुटला.

समोरच्या सरलाबाईंनी वाटीभर कढी पाठवली. मी वाटी धुऊन तिच्यात मूठभर साखर घातली आणि मंजिरीच्या हाती परत दिली. तिनं विचारलं का, तर सांगितलं की दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत पाठवू नये, लक्ष्मी रुसते. तासाभरात सरलाबाईंकडून पुन्हा दोन लाडू आले! मंजिरी म्हणाली, आजी, हे तर कधी संपणारच नाही. मी म्हटलं, संपू नये म्हणूनच करायचं असतं बाळा.

भाद्रपद वद्य तृतीया

मधे लिहिणं राहिलं. अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहिल्या, गिरण्यांनी काय एकेक देखावे केले होते, मंजिरी श्रीपादच्या खांद्यावर झोपूनच घरी आली.

आज शेडमध्ये एक अजब चीज आली. ट्रकवरून उतरवली. आमच्याकडे रस उकळायची काहील असते ना, तशी लोखंडी काहील, लांबट, आणि तिला दोन्ही बाजूंना चार-चार बुटकी फुगीर चाकं. सुकाणूच नाही. पुढे नुसत्या दोन दांड्या. डावी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. आणि ही गाडी पाण्यात बुडत नाही! जमिनीवरून येते, तशीच तलावात शिरते, आणि चाकंच पाणी मागे लोटतात. महूच्या छावणीतून लढाईनंतर लिलावात निघालेल्या सामानातून कुणी साहेबानं जोडलेली म्हणे. संताजी तिला पाणगाडी म्हणतो, मीही तेच म्हणणार.

मालक अप्पासाहेब. तुकोगंजात राहतात, जुन्या सरदारांपैकी, आता मानपूरच्या पुढे एका तलावात शिंगाड्याचा ठेका घेतात. मोठे हसरे गृहस्थ. गाडी साखळ्यांवर चालते आणि साखळ्या झिजल्यात, दसऱ्यापर्यंत नव्या घालून द्या म्हणाले.

गाडीच्या तळाशी पाठीमागे ओले शिंगाडे पडले होते, चांगले टोपलीभर. अप्पासाहेबांना दाखवले तर ते म्हणाले, आमच्या माणसांनी तर धुऊन आणली होती, असू द्या आजी, तुमच्या नशिबाचे. मी काढून घेतले, उकडले, सगळ्यांनी मिळून खाल्ले. इतके गोड! मंजिरीनं बोटं चाटली. मग मी कागदाची पुडी करून साखर बांधली, सुपारी ठेवली आणि गाडीत ठेवून आले. श्रीपाद हसून लोळायचा बाकी होता. आई, ही गाडी आहे, शेजारणीची वाटी नाही. मी म्हटलं, खोल आहे, पोकळ आहे, भरून आली, म्हणजे भांडंच. मंजिरी माझ्या बाजूनं होती.

भाद्रपद वद्य षष्ठी

आज दिवसभर दारात पाट टाकून साखळ्या बदलताना बघितल्या. वाल सोलून झाले, काम काही संपलं नाही.

आधी आतल्या बाजूचे पत्रे काढले. आत प्रत्येक चाकाच्या कण्यावर दातांचं चाक, त्याला हे लोक गरारी म्हणतात, आणि एकीवरून दुसरीवर साखळी. सायकलचीच, पण दुप्पट जाड. मला वाटायचं साखळी ताणून लांबते. तसं नसतं. श्रीपादनं समजावलं की लोखंड कुठलं ताणतंय, प्रत्येक कडीतली खीळ झिजते, भोक मोठं होतं, केसभर इथे, केसभर तिथे, आणि सगळं मिळून जुनी साखळी नव्यापेक्षा चार बोटं लांब भरते. शेजारी शेजारी ठेवून दाखवली. मग जुनी आडवी धरली तर हारासारखी लोंबली, नवी काठीसारखी ताठ. मंजिरीला तो खेळच झाला.

गरारीचे दातही एका अंगाला वाकून वाघनखासारखे झाले होते. ते पण बदलायला लागतात. संताजी म्हणाला, नवी साखळी जुन्या गरारीवर चढवली की महिन्यात जुनीसारखीच होते, हूबहू, मग माझ्याकडे बघून म्हणाला, सासू-सुनेचं पण असंच असतं ना माँजी? इंदूनं आतून पळी वाजवली. अप्पासाहेबांनी फक्त साखळ्यांचं सांगितलंय, म्हणून गरारी जुनीच ठेवली. श्रीपाद नाराज होता पण मालकाची मर्जी.

एका जुन्या साखळीत खाकी कापडाची चिंधी कड्यांत घट्ट गुंतलेली निघाली. संताजीनं ती कातरीनं कापून काढली आणि खिशात टाकली. हसला नाही. पहिल्यांदाच.

नव्या साखळ्या गरम ग्रीसमध्ये मुरवून चढवल्या. चिरोटे जसे पाकात मुरवतो, तसंच. जोडकडी लावून चिमटी बसवली. गाडी शेडमध्ये जराशी पुढेमागे केली, काय मऊ आवाज! श्रीपादचा चेहरा बघून मला तो लहान असतानाचा आठवला, पाढे पुरे पाठ केल्यावर असाच दिसायचा.

भाद्रपद वद्य अष्टमी

गंमतच झाली. म्हणजे श्रीपादला गंमत वाटत नाहीये.

सकाळी अप्पासाहेबांना दाखवायला पत्रे उघडले, तर नव्या साखळ्या लोंबताहेत. काढून मोजल्या, चार बोटं लांब. परवा चढवलेल्या! आणि ओल्या. श्रीपाद सियागंजात दुकानदाराशी भांडून आला, नकली माल दिला म्हणून. दुकानदार पण तिखट, म्हणाला भियाजी, साखळी डब्यात ठेवून झिजत नाही, तुम्ही गाडी उज्जैनपर्यंत हाकली असेल.

संताजी चाकांकडे बघत होता. म्हणाला, चालल्याशिवाय साखळी झिजत नाही.

पण शेडला कुलूप होतं. आणि चाकं कोरडी, धुळीचा मागमूस नाही.

माझी साखरेची पुडी नाहीशी झालीय. मुंग्या म्हणावं तर एक मुंगी दिसली नाही. तिच्या जागी पुन्हा शिंगाडे! ताजे, हिरवे, वेलीला लगडलेले. मी म्हटलं, बघा, पाठवणाऱ्याला रीत कळते. उकडले. श्रीपादनं खाल्ले नाहीत, माझ्या नि मंजिरीच्या वाट्याला जास्त आले.

सर्वपित्री अमावास्या

दुसरी जोडी पण गेली. या वेळी श्रीपाद स्वतः निवडून घेऊन आला होता, विलायती मार्क बघून. रविवारी चढवली, मंगळवारी लोंबली. मधल्या रात्रीसाठी मी नारळ ठेवला होता. नारळ नाही, शिंगाडे आहेत. आज पितरांचं पान वाढायचं म्हणून घरात फराळाचं नको होतं, म्हणून टोपलीत झाकून ठेवलेत.

संताजी मानपूरला जाऊन आला, मुद्दाम विचारायला. जेवायला बसला पण घास खाली ठेवून सांगत राहिला. ही गाडी तलावात हरी नावाचा माणूस चालवायचा. आपल्यातलाच, मराठी. गाडीत उरलेले शिंगाडे घरी न्यायचा आणि त्याची बायको गाडीत काहीतरी परत ठेवायची, कधी गूळ, कधी भाकरी. रिकामी कशी पाठवायची म्हणायची. मग गेल्या पावसाळ्यात तलावाच्या मध्यावर डाव्या बाजूची साखळी तुटली. एका बाजूची तुटली की गाडी सरळ जात नाही, जागच्या जागी गोल फिरते. काठावरची माणसं बघत होती. गोल, गोल, गोल. पेट्रोल संपलं तेव्हा आपोआप काठाला लागली.

मी विचारलं, आणि हरी? संताजी म्हणाला, हरी आत बसलेला होता. उतरला, घरी गेला.

मी देवाला हात जोडले. वाचला ना बिचारा!

संताजी म्हणाला, माँजी, तो बोलत नव्हता. त्याचे कपडे वाळत नव्हते. घरी दोन दिवस राहिला, मग बायको-पोरीला गाडीतून फिरवायला घेऊन गेला. त्या घराला आता कुलूप आहे.

अप्पासाहेब म्हणतात गाव सोडून गेले असतील, असली माणसं टिकत नाहीत.

आश्विन शुद्ध प्रतिपदा

घट बसवले. सात धान्यं पेरली. मन जरा शांत झालं.

देवीपुढे बसले असताना मनात आलं की ती गाडी पण एक बाईमाणूसच आहे, पोट घेऊन आलेली. माहेरी आलेल्या बाईला साखरेच्या पुडीवर कुणी वाटेला लावतं का? चूक माझीच. ओटी भरायला हवी. हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, नारळ, सगळं नीट केलं. मंजिरीनं ताट धरलं. आता समाधान होऊन जाईल सुखानं.

श्रीपादनं तिसरी जोडी आणि या वेळी गरारी पण नव्या आणल्या. सगळं नवं. आता बघू म्हणाला.

आश्विन शुद्ध तृतीया

साखळ्या टिकल्या! ताठ, काठीसारख्या! श्रीपाद पोरासारखा नाचला, संताजीनं जिलेबी आणली.

गाडीत खण नव्हता. शिंगाड्यांवर एक बांगडी होती. हिरव्या काचेची, छोटी, लहान मुलीच्या मापाची. मी पोहोचायच्या आत मंजिरीनं हातात घातली. म्हणाली, आजी, तू खण दिलास, तिनं बांगडी दिली. बघ, मला बरोब्बर.

मी हसले. काय करणार, हसले.

आश्विन शुद्ध चतुर्थी

बांगडी निघत नाही. साबण लावून पाहिला. तेल लावून पाहिलं. इंदू म्हणते फोडून टाका. श्रीपादनं हातोडीनं हलकेच टिचकी मारली, लोखंडावर मारावी तसा आवाज आला. काचेचा नाही.

मंजिरीला दुखत नाही. ती शेडमध्ये गाडीत बसून पाढे म्हणते. तिथे गार वाटतं म्हणे.

तिचे केस विंचरले. ओले होते. न्हाली नव्हती.

आश्विन शुद्ध पंचमी

इंदूनं आज ऐकलं नाही. गाडी सोड्यानं घासून धुतली, शिंगाडे गटारात टाकले, ट्रक बोलावला आणि म्हणाली दसरा गेला खड्ड्यात, आजच्या आज ही घाण माझ्या घरातून जाऊ दे. मला म्हणाली, आई, तुमच्या पाया पडते, आता यात काही ठेवू नका. मी नाही ठेवलं. एक दाणा पण नाही.

रिकामी गेली.

ट्रक कोपऱ्यावर वळला आणि मंजिरी दारात पडली. अंग तापलेलं, ओठ निळे. उताणी होती तरी तोंडातून पाणी आलं. नुसतं पाणी. गढूळ, हिरवं, वाटीभर, मग तांब्याभर.

डॉक्टर म्हणाले हगवण-उलटी असेल. हे हगवणीचं पाणी नाही हो. याला तलावाचा वास आहे.

आश्विन शुद्ध सप्तमी

गाडी परत आली.

अप्पासाहेब स्वतः घेऊन आले, हसत. मानपूरला उतरवून सुरू केली तर सगळ्या साखळ्या एकदम तुटल्या, म्हणाले. आजी, तुमच्या घरचा लळा लागलाय हिला. शिंगाडे होते आत. काठापर्यंत. अप्पासाहेब म्हणाले, मी नाही ठेवले बुवा.

गाडी शेडमध्ये शिरली आणि मंजिरी उठून बसली. भूक लागली म्हणाली. शिंगाडे मागितले.

इंदू भिंतीकडे तोंड करून रडली. मी उकडून दिले. काय करू? पोरगी दोन दिवस पाण्याखेरीज—

दिले.

अप्पासाहेबांनी तिला कबूल केलंय, दसऱ्याला तलावावर गाडीतून चक्कर. श्रीपादनं नाही म्हटलं नाही. तो खाली बघून साखळ्या काढत होता. त्याला अजून वाटतंय की नीट जोडलं तर नीट होईल.

आश्विन शुद्ध अष्टमी

मंजिरीनं कुणाला न सांगता गाडीत आपली ठकी ठेवली. मी देवासला शिवलेली ठकी. माझ्या जुन्या चोळीचं कापड, आत कापूस, डोळ्यांना काळे मणी. मी विचारलं का गं ठेवलीस. म्हणाली, आजी, आता माझ्याकडे दुसरं काय आहे द्यायला?

काय आहे ते मला माहीत आहे.

खंडेनवमी

हत्यारं पूजली. पाने, हातोड्या, जॅक, सगळ्यांना कुंकू. आज कशालाच हात लावायचा नाही, म्हणून काल चढवलेल्या साखळ्या तशाच, उघडून बघितल्या नाहीत. संताजी पूजेला आला नाही. निरोप पाठवला की मेरी तबियत ठीक नहीं.

ठकी परत आलीय.

तीच. तेच डोळे, तीच चोळी. मंजिरी छातीशी धरून बसलीय. तिच्या फ्रॉकवर ओला डाग पसरतोय.

ती झोपल्यावर हळूच काढून घेतली. जड. दाबली की पाणी येतं. उलटी करून टाके शोधले, पाठीवर मी दुहेरी टीप घातली होती, लाल दोऱ्याची.

टाका नाही. कुठेच नाही. शिवलेलीच नाहीये. सलग आहे.

मग मला हरी आठवला. उतरला, घरी गेला.

कुणाला सांगू? श्रीपादला सांगितलं. त्यानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. म्हणाला, आई, उद्या एकदा गाडी देऊन टाकतो, मग सगळं संपेल.

संपू नये म्हणूनच करायचं असतं. मीच म्हटलं होतं.

दसरा

सकाळ. ट्रकमध्ये बसून लिहितेय, हात हलतोय. पुढे गाडी बांधलेली. मंजिरी गाडीत बसायचा हट्ट करतेय. घरी ठेवू म्हटलं तर ओठ निळे. म्हणून आणलंय.

ठरवलं मी. म्हातारी आहे. एक माणूस हवंय ना, मग मी आहे. मूठभर साखरेपेक्षा जास्तच आहे. मला कुणी फार दिवस धरून ठेवणार नव्हतंच.

श्रीपादला काम करताना महिनाभर बघितलंय. डावी दांडी, उजवी दांडी. बटण खाली.

—

तलाव. सगळीकडे शिंगाड्याची पानं. श्रीपाद अप्पासाहेबांना तुटलेली जुनी साखळी दाखवत होता. इंदूला म्हटलं मंजिरीला सोनं द्यायला ने, आपट्याची पानं पिशवीत आहेत. आणि बसले. सुरू झाली. एकदम ऐकलं तिनं.

श्रीपाद ओरडतोय. आई, दांडी सोड. आई.

सोडणार नाही. एक हात दांडीवर, एक वहीवर.

पाण्यात आलो. छान तरंगते हो. मऊ आवाज. इतकं छान केलंय माझ्या मुलानं.

मंजिरी काठावर आहे. हात दाखवतेय. बांगडी दिसत नाही— निघाली वाटतं. निघाली! देवी पावली. निघाली!

—

डावी तुटली. आवाज आला.

गोल.

काठ. श्रीपाद पाण्यात उतरलाय, कमरेपर्यंत. इंदू त्याचा सदरा धरून.

पलीकडची झाडं.

काठ. मंजिरी. बांगडी आहे. हातातच आहे. मघाशी ऊन होतं.

झाडं.

दांड्या सोडल्या तरी फिरतेय. तळाशी पाणी आलंय. पायाला वेली. गार. शिंगाडे वर येताहेत, आपोआप. भरतंय. परतीचं भरतंय.

काठ. मंजिरीनं फ्रॉकचा ओचा पसरलाय. घ्यायला.

अगं नको—

माझ्या समोरच्या फळीवर कुणी बसलंय. मी नव्हते बघत. माझंच नऊवारी. ओलं. माझाच चष्मा. खाली बघून हसतेय, मी हसते तसंच. तिच्या मांडीवर वही आहे.

टीप नाही कुठे. सलग.

झाडं.

काठ. मंजिरी हाका मारतेय, आजी, ये. आनंदानं उड्या मारतेय. तिला वाटतंय मी

ती मान वर करतेय

मंजिरे, मी तुला शिकवलं ते सगळं विसर. गाडी काठाला लागेल. कुणी उतरेल. तिला हात देऊ— तिची पाठ बघ, पाठीवर मी लहानपणी भाजल्याची खूण आहे, तुला माहीत आहे ती, ती नसेल तर

काठ

मंजिरे जी येईल ती